ठसा

फोन माझं बोट ओळखत नाही.
रेशनच्या दुकानातलं यंत्रही नाही,
तीनदा पदराला पुसून टेकवते, तीनदा लाल.
सोळा वर्षं शृंगारतळीच्या कारखान्यात काजूबिया फोडतेय,
टरफलातलं तेल रेषा खाऊन टाकतं.
म्हणून कुलपाला साईशचं बोट दिलं.
घरात फोन एक,
आणि आत शिरायला लेकाचा अंगठा.
उघडून दे म्हटलं की द्यायचा.
हल्ली पाठ करून उघडायचा.

शिमग्यात तो गवळण झाला.
मंडळाचा ठरलेला पोरगा आलाच नाही वेळेवर.
साडी माझी, हिरवी, लग्नातली.
अबोलीचा वळेसर शेजारच्या सुलभाने ओवला.
मृदंगावर थाप पडली आणि असा काही वळला पोर,
की मी पदराआड हसले, रडले, काय ते केलं,
आणि चाळीस सेकंदांचा व्हिडिओ
स्टेटसला ठेवला.

हे आधी सांगून टाकते.
पहिलं बोट माझं.

त्याच्या काकाने अठरा वर्षं गवळण नाचवली.
टवाळी त्याचीही झाली, नाही कशाला म्हणू.
पण पहाटे विहिरीवर तोंड खसाखसा धुतलं
की सफेत्याबरोबर हसूही पाटातनं वाहून जायचं.
उन्हं वर आली की तोच माणूस
कवळ तोडायला ऐनावर चढलेला,
आणि खालून कोणी त्याला राधा म्हणत नसे.

आठवी ब मध्ये ती सकाळ होतच नाही.
साईशच्या तोंडाचा स्टिकर केला.
याने गृहपाठ विचारला, उत्तर स्टिकर.
कुणाचा वाढदिवस, स्टिकर.
मॅच हरले, तरी स्टिकर.
वर्गात हजेरीला त्याचं नाव आलं
की मागच्या बाकावरून, "वहिनी हजर."
मग कोणीतरी त्याच्या नावाचं खातं उघडलं,
त्यावर माझी साडी नेसलेला तो,
आणि कुठल्या गावचा कोण बाप्या
रात्री साडेअकराला विचारतो,
घरात एकटा असतोस का.

मला यातलं काही माहीत नव्हतं.
पानात कोलंबीचं सार तसंच राहायचं, एवढंच दिसे.
शाळेची एसटी यायच्या वेळी पोट दुखे, तेवढंच.
एका रात्री परड्यात खसखस ऐकू आली,
बघते तर कातरीने साडी कापतोय.
काठापर्यंत पोचला होता.
मी म्हटलं, काय रे हे.
म्हणाला, आये, झोप तू.

कारखान्यात नवी मुलगी आली
की आम्ही आधी तिच्या हातांना खोबरेल चोळतो, वर राख,
मग बी हातात देतो.
नाहीतर पहिल्याच दिवशी सालपटं निघतात.
याच्या हातात फोन दिला तेव्हा
मी एवढंच म्हटलेलं,
पाडू नको.

हेडमास्तर म्हणाले, पोरंच ती, चालायचं.
ठाण्यातली हवालदार बाई तसं म्हणाली नाही.
रागाने काही पुसू नका, म्हणाली, आधी सगळ्याचे फोटो काढा.
त्या बाप्याचा नंबर तिने दोनदा वाचून लिहून घेतला.
साईशने अंगठा टेकवला
आणि फोन माझ्याकडे वळवून धरला.
मी वाचत गेले. तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिला.

स्टिकर करणारा निघाला सुलभाचा ओंकार.
वळेसर ओवणारीचा.
ती उंबऱ्याशी आली, आत आली नाही.
मीही ये म्हटलं नाही अजून.

खोटं खातं गेलं म्हणतात.
स्टिकर किती फोनांत आहे, देव जाणे.
माझ्या फोनात तो व्हिडिओ आहे.
काल विचारलं, पुसू?
त्याने तो पहिल्यापासून लावला, आवाजासकट.
मध्येच थांबवला, मागे नेला.
"इथे माझा पाय चुकलाय," म्हणाला.
मग म्हणाला, राहू दे.
पण दाखवायचा असेल कुणाला
तर मला विचार.

विचारीन, म्हटलं.
अर्धी साडी अजून दोरीवर आहे.